न घासलेली चार बोटं जागा

आमच्या घरात आरसा एकच, आणि तो हिच्या कपाटाला आहे. मला तो लागत नाही. परसात नळाशेजारी लोखंडी पाइपचा हातभर तुकडा तारेनं टांगलाय. त्याचा वरचा अर्धा भाग भंगारातून आला तसाच, गंजून लाल झालेला. खालचा अर्धा मी घासलेला. त्या खालच्या अर्ध्यात बघून मी रोज दाढी करतो. पाइप गोल असल्यामुळे तोंड दुधीभोपळ्यासारखं लांबट दिसतं, पण गाल कधी कापला नाही.

नवं गिऱ्हाईक आलं की मी फारसं बोलत नाही, त्या पाइपकडे बोट करतो. गिऱ्हाईक वरून खाली बघतं, परत वर बघतं आणि बहुतेक वेळा एकच विचारतं, "अण्णा, खालच्या बाजूला काय लावलंय?"

काही लावलेलं नाही. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो. आधी इथं सोलापुरात भांडी गल्लीत तांब्या-पितळेच्या हंड्यांना चकाकी आणली, मग प्लेटिंगच्या कारखान्यात पंप आणि पाइप घासले, आणि निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून परसात पत्र्याच्या आडोशाला मोटर बसवली. आता मोटारसायकलींचे सुटे भाग घासतो. एवढ्या वर्षांत चकाकी म्हणून काही लावलं नाही. जे केलं ते काढायचंच काम. लोखंडावर ओरखडे असतात, त्यामुळे पडलेला उजेड भलतीकडे फाकतो. ओरखडे काढले की तोच उजेड सरळ परत येतो आणि त्याला आपण आरसा म्हणतो. ओरखडे काढायचे कसे? त्यांच्याहून बारीक ओरखडे पाडून! जाड पॉलिश पेपर उभा मारायचा. मग त्याहून बारीक पेपर घेऊन आडवा, आधीच्या उभ्या रेघा पार जाईपर्यंत. मग आणखी बारीक, परत उभा. शेवटी मोटरच्या दांड्यावर बफ चढवायचा. बफ म्हणजे कापडाचे गोल थर एकत्र शिवून केलेलं चाक. ते फिरायला लागलं की त्याला पॉलिशची वडी टेकवायची आणि मग त्यावर लोखंड धरायचं. आधी काळा राडा उठतो, नाकातोंडात जातो, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, आणि घरातून हिचा आवाज येतो, "साकु! साकु आता!" आमच्या घरात कानडी चालते. साकु म्हणजे पुरे.

पण त्या काळ्या राड्याखालून एक वेळ अशी येते की कापडानं पुसलं आणि आत आभाळ दिसलं. लोखंडात आभाळ! माझा सगळा जन्म ह्यात गेला, तरी त्या वेळेला माझे हात अजून थांबतात. निम्मं आयुष्य गंजात लोळलेल्या त्या नळीच्या पोटात एवढा उजेड परत द्यायची ताकद होती कुठे, हे मला आजवर कळलेलं नाही.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नमुना. एका नवरदेवाला लग्नाच्या वरातीसाठी सायलेन्सर असा हवा होता की मागून येणाऱ्या वाजंत्र्यांना त्यात स्वतःचं तोंड दिसावं. तसा करून दिला. वरातीनंतर येऊन म्हणाला, वाजंत्री पुढं बघेचनात, सायलेन्सरात बघूनच वाजवत होते. एकानं गाडीची चासी, म्हणजे आख्खा सांगाडा, घरच्या घरी घासायला काढला आणि उत्साहाच्या भरात हँडलच्या मानेवरचा नंबरही घासून टाकला. तो नंबर म्हणजे गाडीची ओळख. तो गेला म्हणजे कागदोपत्री ती गाडी जन्मलीच नाही. रडवेला होऊन आला होता. "अण्णा, परत आणता येईल का?" मी म्हटलं, बाबा रे, आमच्या धंद्यात गेलेलं परत येत नाही. तेव्हापासून कुठलीही चासी आली की आधी त्या नंबरावर चिकटपट्टी मारतो आणि मगच पेपर हातात घेतो.

दिवाळी अंकासाठी लिहा असं अंकवाले म्हणाल्यावर असले किस्से पुष्कळ आठवले. पण लिहायला बसलो आणि डोळ्यासमोर एकच चासी उभी राहिली. गेल्या वर्षीची.

गणपती नुकतेच गेले होते. दारात टेम्पो थांबला आणि साठीच्या आसपासचा एक माणूस पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर टाकून आत आला. पांढरा सदरा, टोपी, पायात मातीनं भरलेली चप्पल. नाव भानुदास. करमाळ्याकडचा, उजनीच्या पाण्याकाठचा. ऊस आणि केळी, पाण्यावर मोटर, घरचं बरं चाललेलं. पोतं सोडलं तेव्हा आत मोटारसायकलीची चासी निघाली. म्हणजे, चासी होती असं म्हणायचं. इंजिन नाही, टाकी नाही, चाकं नाहीत. गंजाचे पापुद्रे, शिंपल्या चिकटलेल्या, एका नळीत चिखल वाळून घट्ट बसलेला.

"अण्णा, हिला आरशागत करा."

मी हसलो. "पाव्हणं, हे भंगार आहे. ह्याला आरसा करायचा म्हणजे निम्मं लोखंड खरवडून जाईल. नवीन घ्या, स्वस्तात पडेल."

"नवीन नगं. हीच पायजे."

"का?"

त्यानं पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळायला घेतली. चहा आला तरी ती गुंडाळतच होता. मग ही बाहेर आली. माझी बायको महादेवी प्रश्न विचारत नाही, सरळ बसते आणि बघत राहते. त्याच्यापुढे भल्याभल्यांचं तोंड उघडतं. भानुदासही बोलायला लागला.

गाडी त्यांच्या वडिलांनी, आबांनी, घेतली होती. पुढं आबा वारले. घरात भानुदास थोरला आणि हरिदास धाकटा. उजनीचं पाणी पसरलेलं, पलीकडच्या गावाला रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, म्हणून तिकडं गाड्या होडीत घालून न्यायची पद्धत. एका संध्याकाळी हरिदास पलीकडून एकटाच येत होता. मध्यात वारा सुटला, होडी कलली, गाडी सरकली आणि पाण्यात गेली. हरिदास भिजून घरी आला. होडीवाला बाहेरगावचा मासेमारीचा माणूस, त्यानंतर तो त्या काठाला परत फिरकला नाही.

"आन् त्याच आठवड्यात बाजारात कुनीतरी मला म्हनलं, तुमच्यासारकी गाडी इकताना बगितली," भानुदास म्हणाला. "मी चार लोकांत त्याला म्हनलं, गाडी इकून खाल्लीस आन् पान्याचं नाव सांगतूस. आबाची गाडी इकलीस. त्यो कायबी बोलला न्हाय. बायकापोरं घिऊन गेला. आता कुंबारीला असतो, कामगारांच्या वसाहतीत. तवापास्नं आमचं बोलनं न्हाय. त्याच्या पोरीचं लग्न झालं, मला बोलावनं आलं, मी गेलो न्हाय."

आणि ह्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी पार खाली गेलं. जिथं कधी जमीन दिसली नव्हती तिथं गाळ उघडा पडला. मासेमारीच्या लोकांना त्या गाळात एक मोटारसायकल सापडली. त्यांनी कामाचं-बिनकामाचं सगळं भंगारात घातलं आणि चासी तेवढी होडी बांधायला नांगर म्हणून ठेवली. भानुदासनं ती पावसाळ्यात पाहिली. होडीच्या दोराला बांधून पाण्यात सोडलेली.

"मग तुमचीच आहे ना?" मी विचारलं.

"तेच तर कळंना." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या पान्यात काय एकच गाडी पडली व्हय? चोरीच्याबी टाकत्यात लोक. नंबर हाय त्यो गंजानं खाल्लाय. माझं मन म्हनतंय आपलीच हाय. पर अण्णा, तवाबी माझं मनच म्हनत हुतं, की त्यानं इकली."

हे वाक्य ऐकून मी त्या माणसाकडे नीट बघितलं. आपल्या मनावरचा विश्वास उडालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

खूण एकच होती. आबा जुन्या वळणाचे. घरातला हंडा, कळशी, परात, तांब्या, प्रत्येकावर नाव घालून घेतलेलं. तुमच्याही घरी असेल. लग्नात मिळालेल्या भांड्यावर 'अमक्याकडून तमक्यास' असं बारीक छिन्नीनं कोरलेलं असतं ना, तसंच. भांड्यावर नाव नसलं तर ते शेजारच्या घरी गेलेलं परत येत नाही, अशी आबांची खात्री. गाडी घेतल्यावर ते थेट भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे गेले आणि गाडीवर नाव घालून आणलं. भानुदास तेव्हा साखर कारखान्यावर गळिताच्या हंगामात होता. घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले होते, "नाव घातलंय तिच्यावर. आता कुटंबी जाऊ दे." कुठं घातलंय ते यानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वर पुन्हा काळा रंग मारलेला.

"आबाचं नाव घावलं तर मी कुंबारीला जातो. न्हाय घावलं तर..." त्यानं टोपी परत डोक्यावर ठेवली. "आन् जायाचं तर असंच गंजकं कसं न्यायाचं? खंडेनवमीला आबा गाडी राखेनं घासून ऊन दावायचे, असली लखलखायची. तशी करून त्याच्या म्होरं ठेवायची हाय मला."

आता मला अडचण दिसली. आरसा करायचा तर गंजाचे खड्डे बुजत नाहीत, खड्ड्याच्या तळापर्यंत सगळं लोखंड खाली आणावं लागतं. आणि छिन्नीनं कोरलेलं नाव म्हणजे तरी काय, खड्डेच. गंजाचा खड्डा आणि अक्षराचा खड्डा सारखाच खोल. माझ्या मोटरला त्यातला फरक कळत नाही. नाव कुठं आहे ते माहीत नसताना बफ फिरवला, तर एका माणसाचा खरेपणा काळ्या राड्यात मिसळून नळाच्या मोरीतून वाहून जाणार.

मी मोटरची वायर काढून ठेवली. म्हटलं, हे हातानंच.

रॉकेलमध्ये चिंध्या भिजवून चासीला गुंडाळून ठेवल्या. गंज फुगला, पापुद्रे सुटले. चिखल टोकरून काढला. आणि मला पहिलं नवल दिसलं. वरचा भाग, जो होडीवाल्यांनी दोर बांधून पाण्यात खाली-वर केला होता, तो खाल्लेला. पण जो खोल गाळात रुतला होता तो भाग लोखंडासारखं लोखंड! गाळानं हवा लागू दिली नव्हती. त्या उजनीच्या चिखलानं ती नळी कापसात ठेवावी तशी ठेवली होती. काही ठिकाणी तर काळा रंगसुद्धा शाबूत.

भानुदास राहायला मेहुण्याकडे उतरला होता, रोज सकाळी येऊन बसायचा. दोघं मिळून घासायचो. पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळायचा आणि पाणी घालत हलक्या हातानं फिरवायचा. सपाट ठोकळा खड्ड्यात उतरत नाही, वरवरचंच उजळतो, त्यामुळे खोल असेल ते काळं राहतं आणि वाचता येतं. हँडलची मान पाहिली, टाकीखालची मोठी नळी पाहिली, इंजिनाला धरणाऱ्या पट्ट्या पाहिल्या. डाग होते, खड्डे होते, अक्षर नव्हतं. एकदा भानुदास ओरडला, "ह्यो बगा 'आ'!" मी भिंगातून पाहिलं. गंजाचे दोन किडे शेजारी शेजारी खाऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याला 'ब' दिसला. माणसाला जे हवं असतं ते त्याला गंजातही दिसतं.

शेवटी ही बाहेर आली. हातात शेंगदाण्याचं सूप, चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे पाखडत होती. आमच्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुमी पुरुष माणसं नाव दर्शनी बाजूला हुडकताय. भांड्यावर नाव पुढं कधी घालतात का? काठाच्या आत घालतात, नाहीतर जिथं हात पडतो तिथं. म्हणजे घासणारीला रोज लागावं."

"गाडीला कुठला काठ?" मी म्हटलं.

"गाडी उचलून स्टँडवर घेताना हात कुटं घालता?" तिनं भानुदासला विचारलं.

भानुदासनं नकळत हात पुढं केला. सीटखाली, डाव्या बाजूच्या नळीच्या आतल्या अंगाला. हिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आणि डोळे मिटून त्या नळीवर बोट फिरवलं. सगळा जन्म भांडी घासली बाईनं. अंधारात तांब्या कुणाकडून आलेला ते बोटावर सांगते, हे मला ठाऊक होतं, पण आजवर त्याचं कधी कौतुक वाटलं नव्हतं.

"हितं आहे," ती म्हणाली. "गंज असा ओळीनं लागत नाही."

तो भाग गाळात होता. वर रंग आणि ग्रीसचा जाड थर. मी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून थर सोडवला. मग नवा बारीक पेपर ठोकळ्याला गुंडाळला आणि इतक्या हलक्या हातानं घासायला लागलो की तेवढ्या हलक्या हातानं मी माझ्या नातवाचं तोंडही कधी पुसलं नसेल. पाणी काळं झालं, राखाडी झालं. डावीकडून लोखंड उजळायला लागलं आणि त्यात काळं काहीतरी राहिलं. मी पुसलं.

'चि.'

भानुदास वाकून बघत होता. "आबाच्या नावाला चि. कसं आसंल?" तो म्हणाला. खरंच की. वडीलधाऱ्या माणसाला कोण चिरंजीव म्हणतं? चि. म्हणजे मुलगा. आणि मग मी त्याच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते विसरणार नाही. साठीचा माणूस, पण गाल लहान पोरासारखे फुलले. "माझं घातलं की काय?" तो हळूच म्हणाला. "थोरला मीच की."

मला पुढं घासवेना. पण हात थांबवून तरी काय करणार! अक्षरं कोरून कधीचीच तिथं बसलेली होती, मी फक्त वरचं पुसत होतो. पेपर पुढं सरकला. पुढचं अक्षर उजळलं. 'ह'.

पुढची अक्षरं निघायला वेळ लागला. पण भानुदास त्या 'ह'पाशीच खाली बसला होता. शेवटी सगळी ओळ मोकळी झाली, भांड्यावर असते तशीच, त्याच वळणाची, त्याच थाटाची:

'चि. हरिदास यास आबांकडून.'

गाडी आबांनी धाकट्याला भेट दिली होती. भांड्यांवर नाव घालणाऱ्यानं लग्नातल्या परातीवर घालावं तसं ते गाडीवर घातलं होतं. आणि हरिदास त्या वेळी आबांबरोबर गेलेला असणार, कारण पाठीमागं बसवून आबांना न्यायला दुसरं होतं कोण?

"म्हंजे मी त्याला," भानुदास म्हणाला आणि थांबला. परत म्हणाला, "म्हंजे मी त्याला त्याच्याच गाडीचा चोर म्हनत हुतो."

नळ टपकत होता तो हिनं बंद केला. मग त्यानं विचारलं, अगदी हळू, माझ्याकडे न बघता, "अण्णा, ह्ये घासून जातं का?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझ्या धंद्यात हे सगळ्यात सोपं काम. बफ एकदा टेकवला की ओळ गेली, आबा गेले, धाकट्याचं नाव गेलं, आणि चासी घरच्या गाडीची, दोघांच्या मालकीची चासी होऊन बसली असती. मी ठोकळा त्याच्या हातात दिला. म्हटलं, "जातं. एका झटक्यात जातं. घ्या, तुम्हीच घासा."

त्यानं ठोकळा घेतला. त्याच्यावरचा पेपर अंगठ्यानं चाचपला. मग तो माझ्या पायाशी खाली ठेवला.

"नगं," तो म्हणाला. "मी नुसतं इचारलं."

हिनं त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "विचारलंत ते बरं झालं. आता परत विचारू नका."

त्यानंतर मी जे काम केलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. ओळीवर चार बोटं रुंद चिकटपट्टी मारली आणि बाकीच्या चासीला मोटर लावली. खड्ड्यांच्या तळापर्यंत लोखंड खाली आणलं. उभा पेपर, आडवा पेपर, परत उभा. नळीच्या आतल्या वळणात बफ पोचत नाही तिथं सुतळीला पॉलिश लावून दोन्ही हातांनी ओढत घासलं, ताक घुसळल्यासारखं. जोडांवरचे वेल्डिंगचे टाके उघडे पडले. एकेक टाका दुसऱ्याला चिकटून, एका मापाचा. कुठल्या कारखान्यात, कुणी घातला असेल तो? रंगाखाली कुणाला दिसणार नाही हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं असा घातला. मी त्या न पाहिलेल्या माणसाला मनात नमस्कार केला.

शेवटी लाकडाच्या भुशानं पुसली आणि परसात दोन दोरांवर टांगली. जास्वंद, पत्रा, हिच्या वाळत घातलेल्या साड्या, सगळं त्या नळ्यांत उतरलं, वाकडं, लांब, पण चकचकीत. एक चिमणी येऊन बसली आणि नळीतल्या चिमणीशी भांडायला लागली. ही दारात उभी होती. कपडे काळे झाल्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "अयो, हे चिखलात होतं?" मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. आणि त्या सगळ्या लखलखाटात सीटखाली चार बोटं जागा तेवढी मंद, राखाडी. पट्टी काढली तेव्हा अक्षरं तशीच होती.

फोन करायला भानुदास तयार होईना. नंबर मला दिला आणि स्वतः नळाजवळ तोंड फिरवून उभा राहिला. मी लावला. म्हटलं, "हरिदास का? मी सोलापुरातून पॉलिशवाला अण्णा बोलतोय. तुमची गाडी तयार आहे, बघायला या."

"माझ्याकडं गाडी न्हाय हो. चुकीचा नंबर लागला."

"आहे. तुमचं नाव आहे तिच्यावर. सीटखाली, आतल्या अंगाला."

पलीकडून आवाज आला, पार बदललेला. "कुटं घावली?"

कुंभारी लांब नाही. दुपार व्हायच्या आत तो आला. थोरल्यापेक्षा हा जास्त म्हातारा दिसत होता. दारात भानुदासला बघून थबकला. मग तो टांगलेल्या चासीजवळ गेला आणि मान वर करून, भलतीकडंच बघत, हात सरळ सीटखाली घातला. शोधलं नाही, चाचपलं नाही. बोट बरोबर त्या ओळीवर जाऊन थांबलं आणि तिथंच राहिलं.

भानुदासला हुंदका आवरला नाही. "आरं, एवडी वर्सं का बोलला न्हाईस? चार लोकांत मी तुला चोर म्हनलं. गाडी माझीच हाय, माझं नाव हाय तिच्यावर, येवडं म्हनायला काय झालं हुतं?"

"म्हनलो असतो, दादा," हरिदास म्हणाला. "पर तुझं नाव न्हवतं की तिच्यावर."

"मग?"

"मग काय? आबांनी थोरल्याला सोडून माझं एकट्याचं घातलं. मी नगं म्हनत हुतो, ऐकलं न्हाई त्यांनी. ते गेल्यावर तुला कळून काय बरं वाटलं असतं? मला चोर म्हनलास त्ये मी सोसलं. पर आबावर तुझा राग ऱ्हायला असता तर त्यो कुणी काडला असता?"

मी लोखंडातून उजेड निघताना आयुष्यभर पाहिलाय. माणसातून निघताना असा समोरासमोर कधी पाहिला नव्हता. मी आणि ही, दोघंही आत निघून आलो. बाहेर भाऊ भाऊ काय बोलले, मला माहीत नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

चहा घेऊन बाहेर गेलो तर दोघं चासीखाली उकिडवे बसून त्या चार बोटांकडे बघत होते. भानुदास म्हणत होता, हिला निकेल चढवून घेऊ, गंजायची नाही. हरिदास नको म्हणाला. मीही नकोच म्हटलं. नुसतं घासलेलं लोखंड तेलाच्या फडक्यानं पुसत राहावं लागतं, नाहीतर ते परत लाल व्हायला लागतं. पुसायला दोन माणसं आहेत की आता.

"अण्णा," हरिदासनं विचारलं, "भांड्यावर नाव घालनारा हाय का अजून कुनी तुमच्या गल्लीत?"

होता. जुना छिन्नीवाला गेला, त्याचा मुलगा आता मशिनीनं घालतो. मशिन भुंग्यासारखं गुणगुणतं आणि ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उठतं. चासी रिक्षात आडवी घालून आम्ही तिघं भांडी गल्लीत गेलो. हंडे बघायला आलेल्या बायका चासीत बघून केस सारखे करायला लागल्या. नाव घालणाऱ्यानं आधीची ओळ वाचली, हसला, म्हणाला, "हे तर आमच्या बाबांच्या हातचं वळण. पुढं काय घालू?"

भानुदास काहीतरी बोलायला गेला, हरिदासनं त्याच्या दंडावर हात ठेवला. न घासलेल्या जागेत बोटभर जागा शिल्लक होती. तिथं बोट ठेवून त्यानं नाव घालणाऱ्याला सांगितलं आणि मशिन गुणगुणायला लागलं.

खंडेनवमीला आम्हा दोघांना त्यांच्या गावी बोलावणं होतं. ओट्यावर पाटावर चासी उभी, झेंडूची माळ घातलेली. बाजूला विळे, कोयते, पंपाचा पाना. हरिदासची मुलगी सासरहून आली होती, तिनंच कुंकू लावलं. सगळ्यांनी नळ्यांत आपापली वाकडी तोंडं बघून घेतली. मग ही पुढं झाली, डोळे मिटून सीटखाली हात घातला आणि बोटानं वाचायला लागली. जुनी अक्षरं काळी आणि खोल, नवी ठिपक्यांची, अजून चमकणारी. पण बोटाला रंग कुठं कळतो. तिनं एका दमात, मोठ्यानं वाचलं:

"चि. हरिदास यास आबांकडून, व दादास."